विषमता जुनीच होती, मग १७८९ सालीच का?

वाचकांचे प्रश्न, इतिहासाच्या बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी क्रांतीपूर्व फ्रान्समधल्या करांविषयी लिहिलं होतं : धर्मगुरू आणि सरदार-उमरावांना बहुतेक करांतून सूट, आणि सगळा भार उरलेल्या रयतेवर. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा रोख एकाच दिशेला होता, म्हणून या वेळची सगळी जागा फ्रेंच राज्यक्रांतीला दिली आहे. नोकरीची सारी वर्षं मी इचलकरंजीतल्या शाळेत इतिहास शिकवला. तिथे वर्गात जे प्रश्न यायचे, तेच आता पत्रांतून भेटतायत.

प्रश्न : बाई, आमच्या पुस्तकात क्रांतीची कारणं दिली आहेत : सामाजिक विषमता, विचारवंतांचं कार्य, राजाची उधळपट्टी, दिवाळखोरी. पाठ केली की मार्क मिळतात. पण विषमता तर तिथे शेकडो वर्षं होती. लोकांनी इतकी वर्षं सोसलं, मग १७८९ मध्येच असं काय झालं?
(बारावीची विद्यार्थिनी, उदगीर)

उत्तर : यादीतली कारणं खोटी नाहीत. पण ती एकाखाली एक लिहिली की कोणतं कुठे जाऊन भिडलं ते कळत नाही, आणि तू नेमकं तेच विचारते आहेस. आधी विषमता जवळून बघू. ‘समाज तीन वर्गांत विभागला होता’ एवढ्या वाक्याने डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

तारीख १२ जुलै १७८९. पॅरिसमधला बॅस्टिल हा किल्लेवजा तुरुंग पडायला दोन दिवस आहेत. आर्थर यंग नावाचा एक इंग्रज गृहस्थ फ्रान्सच्या ईशान्य भागातून प्रवास करत होता. शेती हा त्याच्या अभ्यासाचा विषय. मोठा चढ लागला, तेव्हा घोडीला जरा आराम द्यावा म्हणून तो उतरून पायी चालू लागला. वाटेत एक गरीब बाई बरोबरीने चालायला लागली आणि दिवस किती वाईट आलेत ते सांगू लागली. नवऱ्याकडे जमिनीचा एक तुकडा, एक गाय, एक मरतुकडं घोडं, आणि घरात सात मुलं. तेवढ्याशा जमिनीपायी एका सरंजामदाराला ४२ पौंड, म्हणजे सुमारे १९ किलो गहू आणि तीन कोंबड्या द्यायच्या. दुसऱ्या सरंजामदाराला ओट, एक कोंबडी आणि एक सू (तिथलं एक लहान नाणं) रोख. राजाचा कर आणखी वेगळा. बाई कमरेतून वाकलेली, चेहरा सुरकुत्यांनी भरलेला. यंगला वाटलं, साठी-सत्तरीची असेल. तिने वय सांगितलं २८.

वर्गात हे सांगितलं की मुलं त्या २८ वर थबकायची. मला मात्र तिचं पुढचं बोलणं जास्त मोलाचं वाटतं. ती म्हणाली, आमच्यासारख्या गरिबांसाठी कुणी मोठे लोक काहीतरी करणार आहेत म्हणे. कोण करणार, कसं करणार ते ठाऊक नाही, पण देवाने बरे दिवस दाखवावेत, कारण हे कर आणि ही देणी आम्हाला चिरडून टाकतायत.

गव्हाचं आणि कोंबड्यांचं देणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. ‘काहीतरी होणार म्हणे’ ही आशा मात्र नवी होती. आडगावातल्या बाईपर्यंत ती कशी पोचली, यात तुझं उत्तर आहे.

त्यासाठी राजाच्या तिजोरीत डोकवावं लागेल. उधळपट्टीची गोष्ट फार रंगवली जाते, पण १७८८ च्या खर्चात राजदरबाराचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. निम्मा खर्च कर्जफेडीत आणि व्याजात जात होता. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्याचं युद्ध पुकारलं, त्यात फ्रान्सने उडी घेतली, आणि त्या युद्धाने एक अब्ज लिव्रहून (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) जास्त रक्कम खाल्ली, तीही बहुतेक कर्जाऊ. रयतेकडून आणखी पिळून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून १७८७ मध्ये कालोन या अर्थमंत्र्याने सगळ्याच जमीनमालकांवर कर बसवायची योजना मांडली. राजाने बोलावलेल्या बड्या मंडळींनी ती धुडकावली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारला देणी थांबवावी लागली आणि इस्टेट्स जनरल बोलवायचं ठरलं. पहिला वर्ग धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा, तिसरा उरलेल्या रयतेचा; या तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची ही सभा १६१४ नंतर एकदाही भरली नव्हती.

आणि इथे ती गोष्ट घडली जी आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. २४ जानेवारी १७८९ ला फर्मान निघालं : पंचविशी ओलांडलेल्या आणि करदात्यांच्या यादीत नाव असलेल्या पुरुषांनी गावोगाव जमायचं, आपल्या तक्रारी आणि मागण्या लिहून काढायच्या, प्रतिनिधी निवडायचे आणि ती वही त्यांच्या हाती वरच्या सभेला पाठवायची. पुष्कळ ठिकाणी बैठक गावच्या चर्चमध्येच भरली. अशा हजारो वह्या लिहिल्या गेल्या. माझ्या मते क्रांतीचा सांधा इथे आहे. विषमता जुनी होती, विचारही तोवर चाळीसेक वर्षांचे झाले होते. दोन्ही एका कागदावर आले ते त्या वसंतात.

काय लिहिलं लोकांनी? सर्वांत आधी मीठ. फ्रान्सच्या मोठ्या भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे दर वर्षी ठरावीक मीठ सरकारी कोठारातून घ्यावंच लागे, गरज असो वा नसो. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात हा कर नव्हता, तिथे तेच मीठ कित्येक पट स्वस्त. मग चोरटी वाहतूक, झडत्या, शिक्षा. त्यानंतर चक्कीचा जाच. दळण सरंजामदाराच्याच चक्कीवर न्यायचं, पाव त्याच्याच भट्टीत भाजायचा, आणि दोन्हीकडे मोबदला द्यायचा. त्यानंतर कबुतरं. मोठा कबुतरखाना बाळगायचा हक्क बहुतेक भागांत सरंजामदाराचा. त्याची कबुतरं पेरलेलं बी टिपून न्यायची, आणि शेतकऱ्याने त्यांना हात लावायचा नाही. ससे आणि हरणं उभं पीक खायची, पण शिकारीचा हक्कही त्याचाच. राजाला हटवा असं जवळजवळ कुणीच लिहिलं नाही. राजा चांगला आहे, त्याला कळवलं की तो न्याय करील, हीच भावना जागोजागी दिसते.

माणसाला त्याचं दुःख लिहून द्यायला सांगितलं की तो उत्तराची वाट बघू लागतो. शिवाय आपल्या गावची कबुतरं ही आपल्याच कपाळी आलेली पीडा, असं समजणाऱ्या गावाला वरच्या सभेत कळतं की शेजारच्या चाळीस गावांनी तेच लिहिलंय. त्या बाईच्या ‘म्हणे’मागे हे सगळं होतं.

त्याच महिन्यांत भूकही टोकाला गेली. १३ जुलै १७८८ ला मोठी गारपीट झाली, पीक गेलं, आणि नंतरचा हिवाळा इतका कडक की नद्या गोठून पाणचक्क्या बंद पडल्या. पॅरिसमध्ये चार पौंड वजनाचा पाव एरवी आठ-नऊ सूला मिळायचा, तो फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सूवर गेला. इचलकरंजीत माझ्या वर्गात यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं असायची. मी फळ्यावर एवढंच लिहायचे : मजुराची दिवसाची कमाई २० ते ३० सू, चार माणसांच्या घराला रोज असे दोन पाव. मुलं गुणाकार करायची, २९ सू. मग कुणीतरी विचारायचंच, बाई, खोलीचं भाडं कशातून देणार? मालकाने मजुरी कापली तर? हा प्रश्न पॅरिसमध्येही विचारला गेला. एप्रिलच्या अखेरीस सँत-आंत्वान या कारागिरांच्या वस्तीत, रेव्हेयों नावाचा भिंतीच्या कागदाचा कारखानदार मजुरी कमी करायला निघालाय अशी वार्ता पसरली. लोकांनी त्याचं घर फोडलं, सैन्याने गोळ्या घातल्या, पुष्कळ माणसं मेली. बॅस्टिलच्या अडीच महिने आधीची ही गोष्ट. बॅस्टिलवर चालून गेलेल्यांत याच वस्तीतले सुतार, कुलूपवाले, चांभार मोठ्या संख्येने होते.

पुढचं तुला पुस्तकात मिळेल : ५ मेला पॅरिसजवळ व्हर्सायला, राजाच्या मुक्कामी, भरलेली ती सभा, मतदान वर्गवार की डोकेवार यावरचा तिढा, १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा जाहीर करणं, १४ जुलै. फक्त एक गोष्ट जोडते. जुलैअखेर खेड्यांत वणवा पेटला. सरंजामदार भाडोत्री गुंड पाठवून पीक जाळणार आहेत अशा अफवा उठल्या, शेतकरी हत्यारं घेऊन निघाले, आणि अनेक ठिकाणी गढीतली देण्या-घेण्याची दप्तरं शोधून त्यांनी जाळली. त्याने हादरूनच ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेने सरंजामशाही हक्क सोडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर निघालेल्या हुकुमाचं दुसरंच कलम कबुतरांचं आहे : कबुतरखान्याचा खास हक्क रद्द, गाव ठरवील त्या काळात कबुतरं कोंडून ठेवायची, आणि त्या काळात ती शेतात उतरली तर कुणीही आपल्या जमिनीवर मारावीत. वहीत लिहिलेलं कायद्यात आलं. जमिनीवरची बरीच देणी मात्र पैसे भरून सोडवून घ्यावीत अशी मेख मारून ठेवली होती. ती विनामोबदला रद्द व्हायला जुलै १७९३ उजाडला, आणि तेही शेतकऱ्यांनी पैसे द्यायचं साफ नाकारल्यावर.

प्रश्न : ‘भाकरी नसेल तर केक खा’ असं राणी खरंच म्हणाली होती का?
(निवृत्त टपाल कर्मचारी, नाशिक)

उत्तर : नाही. रूसो या विचारवंताने आपल्या आठवणींत एका ‘थोर राजकन्येची’ अशी गोष्ट सांगितली आहे, त्यातही केक नाही, लोणी-अंड्यांचा एक गोडसर पाव आहे. तो मजकूर लिहिला गेला तेव्हा मारी आंत्वानेत, म्हणजे ही राणी, ऑस्ट्रियात वाढत असलेली लहान मुलगी होती. ती फ्रान्सला आली १७७० मध्ये. हे वाक्य राणीच्या तोंडी घालणं मला दुसऱ्या कारणासाठीही खटकतं. सगळा दोष एका परक्या बाईच्या बेफिकिरीवर टाकला की मीठ, चक्की, कबुतरं आणि करमाफी नजरेआड होतात.

प्रश्न : ज्याच्या पोटाला नाही तो पुस्तक कशाला उघडेल? व्होल्टेअर, रूसो, माँटेस्क्यू यांनी क्रांती घडवली असं म्हणतात. ते शेतकऱ्याने वाचले होते का?
(वाचनालयाचे कार्यकर्ते, वाई)

उत्तर : शेतकऱ्याने ते वाचले नव्हते. क्रांतीच्या आगेमागे लग्नाच्या नोंदवहीत सही करू शकणारे पुरुष सुमारे ४७ टक्के आणि बायका २७ टक्के होत्या, आणि सही येणं म्हणजे रूसो वाचता येणं नव्हे. दिदरो आणि दालांबेर यांचा ज्ञानकोश १७५१ पासून निघू लागला. मजकुराचे १७ खंड, चित्रांचे ११. तो घेणारे कोण? वकील, न्यायाधीश, सरकारी अधिकारी, धर्मगुरू, आणि सरदारसुद्धा. व्होल्टेअर आणि रूसो दोघेही १७७८ मध्ये वारले. दोघांनीही क्रांतीची हाक दिली नव्हती. व्होल्टेअरला तर सामान्य जनतेच्या राज्याची धास्तीच होती.

तरीही त्यांच्याशिवाय १७८९ होत नाही, असं मला ठामपणे वाटतं. १७२६ मध्ये तरुण व्होल्टेअरचा एका उमरावाशी शाब्दिक खटका उडाला. त्या उमरावाने नोकरांकरवी त्याला भर रस्त्यात मारलं, आणि वर व्होल्टेअरचीच रवानगी बॅस्टिलमध्ये झाली. पॅरिसचा नावाजलेला नाटककार, पैसा मिळवलेला, पण जन्माने सामान्य, म्हणून दाद मागायची सोय नाही. असा अनुभव पुढच्या साठ वर्षांत शिकल्यासवरलेल्या हजारो लोकांनी घेतला. १७८१ मध्ये तर नियमच निघाला की लष्करात अधिकारी व्हायचं तर चार पिढ्यांचं सरदारपण सिद्ध करा. व्यापाऱ्याच्या किंवा वकिलाच्या हुशार मुलाला ते दार बंद झालं. हा माणूस उपाशी नव्हता. त्याच्या घरी पुस्तकं होती, आणि माणसं जन्माने समान आहेत, सत्ता लोकांच्या संमतीवर उभी राहते, हे त्याने त्यांत वाचलं होतं. इस्टेट्स जनरलमध्ये तिसऱ्या वर्गाकडून निवडून आलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक वकील आणि सरकारी हुद्देदार होते. हाताने नांगर धरणारा जवळजवळ नव्हताच.

तुमच्या प्रश्नाची खरी मेख ही, की वकिलाने वाचलेलं चांभारापर्यंत गेलं कसं. परत तक्रारवह्यांकडे येते. लिहिता न येणाऱ्यांची वही लिहायला गावचा कारकून, धर्मगुरू, नाहीतर वकील बसायचा. अरास गावच्या जुने जोडे दुरुस्त करणाऱ्या चांभारांची वही ज्या तिशीतल्या वकिलाने लिहून दिली त्याचं नाव मॅक्सिमिलियन रोबेस्पियर. पुढे सगळ्या युरोपला धडकी भरवणारा हाच तो. चांभारांनी आपली गरिबी आणि आपला अपमान सांगायचा, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात रूसो भिनलेला. अशा ठिकाणी तक्रारीची मागणी होते आणि मागणीचा हक्क. ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती, हेही विसरू नये. आपण वाचलेल्या तत्त्वांना रक्तामांसाची माणसं असतात, हे त्या वकिलांना तिथे बसून कळलं असणार.

शहरात हे काम छापील पत्रकांनी केलं. तोच आर्थर यंग ९ जून १७८९ ला पॅरिसच्या पॅले रोयाल या वाड्याच्या गजबजलेल्या आवारात गेला होता. आज १३ नवी पत्रकं निघाली, काल १६, गेल्या आठवड्यात ९२, अशी त्याची नोंद आहे. कॉफीगृहांत गर्दी मावेना. दारा-खिडक्यांशी उभे राहून लोक ऐकत होते, आणि खुर्च्यांवर, टेबलांवर चढून कुणी ना कुणी बोलत होतं. वाचता येत नाही त्याला ऐकता येतं. त्या वर्षातलं सर्वांत गाजलेलं पत्रक जानेवारीत आलं, सिएस नावाच्या धर्मगुरूचं. तीन प्रश्न, तीन उत्तरं : तिसरा वर्ग म्हणजे काय? सर्व काही. आजवर राजकीय व्यवस्थेत तो काय होता? काहीच नाही. त्याला काय हवं आहे? काहीतरी व्हायचं आहे. एकदा ऐकलं की तोंडपाठ होणारं हे लिखाण. ज्ञानकोशाच्या २८ खंडांतला अर्क असा ओळीओळीने खाली उतरला.

तेव्हा पोट आणि पुस्तक यांत निवड करू नका, असंच मी म्हणेन. १७७५ मध्येही पाव महागला होता, पॅरिसभोवती मोठे दंगे झाले, सैन्याने ते मोडून काढले आणि सगळं शांत झालं. तेव्हा कुणी वह्या लिहून मागितल्या नव्हत्या आणि तिजोरीही पुरती कोसळली नव्हती.

प्रश्न : सगळी माणसं समान असं त्यांनी जाहीर केलं. मग त्यात बायका होत्या का? आणि गरीब?
(शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. हे सांगितल्याशिवाय क्रांतीचा धडा पुरा होऊ नये.

बायकांनी क्रांतीला हात दिला तो अगदी सुरुवातीला. ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसच्या हजारो बायका पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या. पाव द्या, ही मागणी. बाजारात मासळी विकणाऱ्या त्यांत पुढे होत्या. दुसऱ्या दिवशी राजाराणीला घेऊनच त्या पॅरिसला परतल्या, आणि राजा पुन्हा कधी व्हर्सायला राहायला गेला नाही. एवढं करूनही मत त्यांना मिळालं नाही. ओलँप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तसा व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे, असं तिने त्यात म्हटलं. नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनखाली तिचं डोकं उडवलं गेलं, आणि त्याच सुमारास बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली. फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकार मिळाला १९४४ मध्ये. दीडशे वर्षं!

गरिबांचं म्हणाल तर, तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणाऱ्या पुरुषालाच आधी मत होतं. बाकीचे नागरिक खरे, पण ‘निष्क्रिय’. आणि जून १७९१ च्या ल शापेलिए कायद्याने कामगारांना एकत्र येऊन मजुरी ठरवायलाच बंदी केली. संघटना कायदेशीर व्हायला १८८४ साल उजाडलं. बॅस्टिल ज्यांनी घेतली त्यांच्या मुला-नातवंडांना संप केला म्हणून शिक्षा भोगावी लागली, याची मला आजही चीड येते.

सगळ्यांत मोठी परीक्षा झाली ती समुद्रापलीकडे. कॅरिबियनमधली सँ-दोमँग (आजचं हैती) ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत, ऊस आणि कॉफीची. तिथे सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसं गुलामीत होती आणि गोरे तीस-चाळीस हजार. यापेक्षा टोकाची विषमता त्या काळात क्वचितच कुठे असेल. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, ही बातमी जहाजांबरोबर तिथेही पोचली. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या मळ्यांत उठाव झाला. स्वतः गुलामीत जन्मलेला तूसँ लुव्हेर्त्यूर त्याचा सर्वांत मोठा नेता ठरला. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसने गुलामगिरी रद्द केली ती तिथल्या लोकांनी ती आधीच मोडून काढली होती म्हणून. १८०२ मध्ये नेपोलियनने पाठवलेलं सैन्य तिथे उतरलं, तूसँला कपटाने पकडून फ्रान्सला नेण्यात आलं, आणि तिथल्या थंड किल्ल्यात तो मेला. पण लोक हटले नाहीत. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. आणि १८२५ मध्ये युद्धनौका किनाऱ्याशी उभ्या करून फ्रान्सने त्या देशाकडून १५ कोटी फ्रँक भरपाई कबूल करून घेतली, कुणाची, तर मळेवाल्या मालकांची! हैतीच्या पुढच्या गरिबीचा विचार हा आकडा टाळून करता येणार नाही.

प्रश्न : आपल्याकडच्या समतेच्या चळवळींचा फ्रान्सच्या क्रांतीशी संबंध जोडतात. तो कितपत खरा? बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं तिथूनच घेतली का?
(एक वाचक, महाड)

उत्तर : संबंध आहे, पण ‘तिथूनच घेतली’ हे बरोबर नाही.

एक धागा जोतिराव फुल्यांकडून जातो. विशीच्या आसपास त्यांनी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. पेन मूळचा इंग्लंडमधला, बायकांचे कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा. हे पुस्तक त्याने फ्रेंच क्रांतीची बाजू मांडायला १७९१-९२ मध्ये लिहिलं. पुढे तो फ्रान्सच्या कन्व्हेन्शनवर, म्हणजे क्रांतिकाळातल्या निवडून दिलेल्या सभेवर, गेला, राजाला देहदंड देऊ नका असं तिथे म्हणाला, आणि त्याच क्रांतीच्या तुरुंगातही पडला. म्हणजे पॅरिसमधला वाद पन्नासेक वर्षांनी पुण्यात एका तरुणाच्या हाती आला, आणि त्याने तो इथल्या जातिव्यवस्थेला लावून पाहिला.

दुसरा धागा तुमच्या गावचा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला सत्याग्रह परिषद भरली. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी त्या परिषदेची तुलना थेट १७८९ च्या व्हर्सायच्या सभेशी केली. तळ्याचं पाणी प्यायलं नाही म्हणून आपण मरणार नव्हतो, आपण इथे माणूस म्हणून समतेची स्थापना करायला आलो आहोत, हा त्या भाषणाचा गाभा. त्याच परिषदेत हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला आणि रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. तुलना त्यांनी विचारपूर्वक केली होती. परिषदेला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना त्यांना सांगायचं होतं की अशीच एक सभा भरली होती, तिलाही कुणी हसलं असेल, आणि तिने एका देशाची घडी बदलली.

तत्त्वांच्या उगमाबद्दल मात्र त्यांनी स्वतःच खुलासा केला आहे. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात ते म्हणाले की आपलं तत्त्वज्ञान फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनं घेतलेलं नाही; त्याची मुळं राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत, आणि ते आपण आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतलं. महाडचा फ्रान्सचा दाखला आणि हे सांगणं यांत मला विसंगती दिसत नाही. फ्रान्सने समता जाहीर केली, पण बायकांना, मजुरांना आणि काळ्या माणसांना ती द्यायची वेळ आली तेव्हा हात आखडला. बंधुभाव रुजला नाही तर स्वातंत्र्य आणि समता टिकत नाहीत, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतही बजावलं होतं.

महाडच्या परिषदेतलं भाषण आणि तिथला जाहीरनामा, दोन्ही महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांत आहेत. तुमच्याकडच्या वाचनालयात तो संच असेल तर महाडच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम आणि २६ ऑगस्ट १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्याचं पहिलं कलम शेजारी ठेवून वाचा, आणि काय दिसलं ते मला जरूर लिहा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.